लहान शेतजागेवरची पर्माकल्चर बाग: आखणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्माकल्चर म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?

नाही, पण दोघींचे नाते जवळचे आहे. काय घालायचे नाही, हा सेंद्रिय शेतीचा मुख्य प्रश्न. काय कुठे ठेवायचे, हा पर्माकल्चरचा. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 'पर्मनंट' आणि 'अ‍ॅग्रिकल्चर' हे दोन शब्द जोडून ही संज्ञा घडवली. कल्पना साधी आहे. पाणी, माणसांची ये-जा, जनावरे, झाडे आणि वाफे यांची जागा नीट ठरली, तर एकाचा कचरा दुसऱ्याचे खत होतो आणि रोजचे श्रम घटतात. जागा चुकली, तर कितीही शेणखत घातले तरी बाग अंगावर येते.

अर्धा एकर जागा घेतली आहे. आधी कोणती रोपे आणू?

एकही नको. रोपांची यादी हे या कामातले शेवटचे पान आहे, आणि बहुतेक बागा तेच पान पहिले उघडल्यामुळे फसतात. ऑस्ट्रेलियातच पी. ए. योमन्स यांनी १९५०च्या दशकात शेतजमिनीच्या आखणीसाठी एक क्रम मांडला: हवामान, जमिनीचा आकार, पाणी, रस्ते, झाडे, इमारती, कुंपणे आणि शेवटी माती. जे बदलायला सर्वांत अवघड, ते सर्वांत आधी. माती शेवटी येते याचे अनेकांना नवल वाटते. पण दोन-तीन वर्षांत माती सुधारता येते. चुकीच्या जागी खोदलेले तळे किंवा वाफ्यांवर सावली टाकणारे मोठे झाड हलवता येत नाही.

छोट्या जागेसाठी हा क्रम असा वापरा: पाणी कुठून येते आणि कुठे जाते, मग पायवाटा, मग टाकी, गोठा, खुराडे यांची जागा, मग मोठी झाडे, मग वाफे. भाज्यांच्या जाती ठरवायला हिवाळा-उन्हाळा मोकळाच असतो.

वर्षभर नुसते निरीक्षण करायचे, असे म्हणतात. खरेच इतके थांबावे का?

झाडे आणि खोदकाम यांसाठी हो. भाजीसाठी नाही. दारापासून पंधरा-वीस पावलांवर दोन वाफे लगेच करा. ते तात्पुरते आहेत असे समजा, पुढे हलवता येतात. त्यांच्यावर तुम्हाला माती, तण, किडी आणि स्वतःची सवय, सगळेच कळते.

दरम्यान नकाशा काढा. ४० बाय ५० मीटरची जागा असेल तर १ सेंमीला २ मीटर या प्रमाणात ती २० बाय २५ सेंमी होते, म्हणजे साध्या कागदावर मावते. मूळ नकाशावर घर, विहीर, झाडे, कुंपण, जमिनीखालचे नळ आणि तारा दाखवा. त्यावर पारदर्शक कागद ठेवून वेगवेगळ्या नोंदी करत जा: जोराच्या पावसात पाणी कुठून वाहते, पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही डबके कुठे राहते, जोराचा वारा कुठल्या बाजूचा, दंव किंवा धुके कुठे साचते, जनावरे कुठून शिरतात. सावलीची नोंद वर्षातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला करा. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षात दोन्ही बाजूंना जातो. फळभाज्यांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागते, पालेभाज्यांना चारही पुरतात.

भर पावसात छत्री घेऊन जागेवर एक तास फिरणे हे महिनाभर पुस्तके चाळण्यापेक्षा जास्त शिकवते.

'झोन' म्हणजे काय? नकाशावर वर्तुळे काढायची का?

वर्तुळे नकोत. घर म्हणजे झोन शून्य आणि तिथून पाचपर्यंत आकडे. आकडा अंतराचा नसून फेऱ्यांचा आहे. दिवसातून दोनदा जिथे पाय पडतो तो झोन एक: कोथिंबीर, पालेभाज्या, रोपवाटिका. दिवसातून एकदा जातो तो दोन: मोठे वाफे, कोंबड्या, जास्त निगेची फळझाडे. आठवड्याला जातो तो तीन: साठवणीची पिके, कणसे, भोपळे. अधूनमधून जातो तो चार: जळण, चारा, बांबू. पाच म्हणजे न छेडलेला कोपरा. गोठ्याकडे जाणारी वाट लांब असली तरी तिच्या दोन्ही कडा झोन एकच आहेत, कारण तिथून तुम्ही रोज जाताच. उलट घराला लागून असलेली, पण जिथे दार उघडत नाही अशी मागची भिंत झोन तीन असू शकते.

अर्ध्या एकरावर पाचवा झोन हवाच असा हट्ट धरू नये. चार-पाच मीटर रुंदीची राखीव झुडपांची पट्टीही पक्षी आणि मित्रकीटक यांना पुरते.

पाणी किती लागेल?

हा हिशोब आधी करा, वाफ्यांचे क्षेत्रफळ त्यातूनच निघते. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाच्या, कोरड्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला रोज सुमारे ५ मिमी लागते. म्हणजे १०० चौरस मीटर वाफ्यांना रोज ५०० लिटर, आणि पाऊस नसलेल्या १०० दिवसांना ५०,००० लिटर.

आता छत पाहा. १०० चौरस मीटर छत, वर्षाचा ६०० मिमी पाऊस, त्यातला ८० टक्के हाती लागला, तर ४८,००० लिटर. म्हणजे एवढे छत साधारण तेवढ्याच वाफ्यांचा कोरडा हंगाम तोलून धरते, अर्थात साठवायला टाकी असेल तर. बहुतेकांकडे टाकी ५,००० लिटरची आणि स्वप्ने ४०० चौरस मीटरची असतात. जाड आच्छादनाने (मातीवर अंथरलेला पेंढा किंवा पाला) गरज बरीच उतरते, पण आखणी करताना आच्छादन नाही असे धरूनच आकडा घ्या.

सर्वांत लांब कोरडा खंड किती दिवसांचा असतो हे तुमच्या भागाच्या पर्जन्यनोंदींतून काढा. टाकी वर्षाच्या एकूण पावसावरून ठरवू नये, या खंडावरून ठरवावी.

टाकीआधी पहिले पाणी बाजूला काढणारी नळी हवीच. छतावरची धूळ, विष्ठा आणि पाने पहिल्या एक मिमी पावसात उतरतात. १०० चौरस मीटर छतासाठी ते १०० लिटर होतात. नळीच्या तळाला बारीक छिद्र ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी ती आपोआप रिकामी होते. हे छिद्र बुजते, आणि मग घाण थेट टाकीत जाते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तपासा.

टाकी उंचावर ठेवली आहे, तरी ठिबक नीट चालत नाही. का?

दाब कमी आहे. पाण्याच्या एक मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. दाब-नियंत्रित तोट्यांना साधारण ०.५ ते १ बार लागतो. त्याखाली त्या उघडतच नाहीत किंवा वेड्यावाकड्या थेंबतात. उंच टाकीवर चालवायचे तर कमी दाबाची ठिबक पट्टी किंवा साध्या, दाब-नियंत्रण नसलेल्या तोट्या घ्या, एक ओळ १०-१५ मीटरपेक्षा लांब नेऊ नका आणि मुख्य नळी जाड ठेवा. गाळणी १२० मेशची. ओळींची टोके महिन्यातून एकदा उघडून गाळ वाहू द्या.

उतार आहे. समतल चर काढू का?

समतल चर म्हणजे उताराला आडवा, सगळा एकाच पातळीत खोदलेला चर. तो पर्माकल्चरचे चिन्हच झाला आहे, म्हणून गरज नसतानाही खोदला जातो. पाऊस मोठ्या सरींनी पडत असेल, पाणी वाहून जात असेल आणि जमीन ते जिरवू शकत असेल, तरच उपयोग. पुढील ठिकाणी काढू नका: उतार १५ टक्क्यांहून जास्त असेल, दरड सरकण्याची शक्यता असेल, खाली लगेच घर किंवा शौचखड्डा असेल, खडकावर मातीचा पातळ थर असेल, किंवा जमीन आधीच पाणथळ असेल. पाणथळ चिकणमातीत गरज असते ती निचऱ्याची.

समतल रेषा आखायला ए-फ्रेम पुरते. दोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी पट्टी, वरून ओळंबा. जमिनीवर दोन खुंट्या ठोकून त्यावर उभी करा, दोरी आडव्या पट्टीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग पाय उलटसुलट करून त्याच खुंट्यांवर परत ठेवा, दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या मधोमध समतल. हे जुळवून घेणे टाळले की सगळी रेषा एका बाजूला उतरते, आणि पहिल्या मोठ्या पावसात चर तिथेच फुटतो. एक पाय स्थिर ठेवून दुसरा फिरवत, दर दोन मीटरला खुंटी ठोकत पुढे जा. नंतर खुंट्यांची ओळ डोळ्यांनी पाहून फार वाकडी खुंटी थोडी सरकवा.

मापाचा एक हिशोब: वरून ५०० चौरस मीटरचे पाणी येते, तासभरात ५० मिमीची सर धरली आणि ३० टक्के वाहून आले, तर ७,५०० लिटर. चराची वरची रुंदी १ मीटर, तळाची ४० सेंमी, खोली ३५ सेंमी असेल तर एक मीटर लांबीत सुमारे २४५ लिटर मावतात, म्हणजे सुमारे ३१ मीटर चर लागेल. माती खालच्या बाजूला टाकून बांध करा आणि तो पायांनी दाबा. एका टोकाला सांडवा ठेवा: निदान एक मीटर रुंद, बांधाच्या माथ्यापेक्षा १५ सेंमी खाली, दगडांनी बांधलेला. सांडवा नसलेला चर म्हणजे फुटायची वाट पाहणारे धरण. झाडे बांधावर किंवा त्याच्या खालच्या पायथ्याशी लावा, चरात नाही. तिथे मुळे कुजतात.

माती तपासायची साधी पद्धत?

एक लिटरची काचेची बरणी, एकतृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. पाच मिनिटे जोरात हलवून ठेवा. मिनिटभरात वाळू बसते, दोन-तीन तासांत पोयटा, चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. थरांची उंची मोजून प्रमाण काढा. मग निचरा: ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, ओसरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते पाहा. २.५ ते ५ सेंमी उतरली तर उत्तम. १ सेंमीहून कमी असेल तर गादीवाफे करा आणि फळझाडे उंचवट्यावर लावा. सामू (पीएच) ६ ते ७ मध्ये असला की बहुतेक भाज्या खूश. त्यासाठी आणि अन्नद्रव्यांसाठी एकदा प्रयोगशाळेत नमुना द्या. जुन्या इमारतीजवळ किंवा रस्त्यालगत बाग करणार असाल तर शिशाची तपासणीही करून घ्या, कारण जुन्या रंगातले शिसे मातीत दशकानुदशके राहते.

चार माणसांना पुरेल एवढ्या भाजीला किती वाफे?

माणशी रोज ३०० ग्रॅम धरले तर चौघांना वर्षाला साधारण ४४० किलो. जुळलेल्या मातीवर आणि पुरेशा पाण्यावर वाफा वर्षाला चौरस मीटरमागे २ ते ४ किलो देतो, पहिल्या वर्षी दोनच्याही खाली. म्हणजे लागतील साधारण ११० ते २२० चौरस मीटर. १.२ बाय १० मीटरचे आठ वाफे म्हणजे ९६ चौरस मीटर; मधल्या ४५ सेंमी वाटा आणि घमेले-गाडीसाठी एक मीटरची मुख्य वाट धरली तर जागा लागते सुमारे १५० चौरस मीटर. अर्ध्या एकराचा हा तेरावा-चौदावा हिस्सा आहे. बाकीची जागा कशाला, याचे उत्तर पुढे खताच्या प्रश्नात आहे.

रुंदी १.२ मीटर यासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा आणि वाफ्यावर कधीच पाय पडू नये. लहान हात असतील तर एक मीटर. गोल, चक्राकार, किल्लीच्या भोकासारखे वाफे चित्रात छान दिसतात, पण त्यांवर ठिबक, जाळी किंवा रोपे झाकणारा बोगदा बसवताना नाकीनऊ येतात. दाराशी एखादा ठीक, बाकी सगळे सरळ आणि सारख्या मापाचे ठेवा. एक जाळी शिवली की सगळ्यांवर बसते.

नांगरावे की पुठ्ठा अंथरून थेट लावावे?

माती दगडासारखी घट्ट असेल, तर एकदाच खोल सैल करायला हरकत नाही: वाफसा असताना, पहारीने किंवा दाताळ काट्याने, माती उलटी न करता. ओली चिकणमाती उकरली की तिची ढेकळे होतात आणि ती हंगामभर सुधारत नाहीत. मूठभर माती दाबून बोटाने ढकला. फुटली तर वाफसा आहे, चपटी झाली तर थांबा.

साध्या गवतावर पुठ्ठा उत्तम चालतो. गवत जमिनीलगत कापा, भरपूर पाणी द्या, चकचकीत छपाई आणि चिकटपट्टी नसलेला पुठ्ठा १५ सेंमी एकमेकांवर येईल असा अंथरा, तोही भिजवा, वर १० सेंमी कंपोस्ट आणि मग आच्छादन. कोरड्या मातीवर कोरडा पुठ्ठा ठेवला तर तो छपराचे काम करतो आणि खालची माती कोरडीच राहते.

लव्हाळा आणि हरळी यांच्यापुढे पुठ्ठा हरतो. लव्हाळ्याचे टोक पुठ्ठाच काय, प्लॅस्टिकही भेदते. तो असेल तर वाफे करण्याआधी एक हंगाम वारंवार कोंब काढून गाठींची ताकद संपवा, आणि दाट सावली देणारे वेल घ्या. हरळीला कडेने २० सेंमी खोल धार हवी, आणि ती दर महिन्याला फावड्याने पुन्हा कापायला हवी. एकदा विसरलात की ती वाफ्यात.

आच्छादन किती जाड?

पेंढा किंवा पाने ७ ते १० सेंमी, बुंध्यापासून चार बोटे लांब. बी पेरायच्या ओळीवर अजिबात नाही. थंड, ओल्या हवेत आच्छादनाखाली गोगलगायी माजतात; तिथे रोपे जून होईपर्यंत वाफा उघडा ठेवा. लाकडाचा भुसा किंवा ढलप्या वरच राहू द्या. मातीत मिसळल्या की कुजताना जिवाणू मातीतले नत्र ओढतात आणि पिके पिवळी पडतात.

कंपोस्टचा ढीग तापतच नाही. काय चुकते?

बहुधा आकार. निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच असल्याशिवाय ढीग उष्णता धरत नाही. रोज बादलीभर टाकून केलेला ढीग थंडच कुजतो; खत मिळते, पण तणांचे बी मरत नाही. गरम ढीग एका दिवसात रचावा लागतो. कार्बन-नत्र गुणोत्तर २५ ते ३० ला १ हवे. ताज्या गवताचे १५-२०, शेणाचे २० च्या आसपास, कोरड्या पानांचे ५०-६०, पेंढ्याचे ८०, लाकडाच्या भुशाचे कित्येक शे. व्यवहारात दोन-तीन घमेली कोरडे आणि एक घमेले हिरवे. मूठ दाबली की एक-दोन थेंब यावेत इतका ओलावा. तीन-चार दिवसांत मध्यभागी ५५ ते ६५ अंश सेल्सियस यायला हवे. उतरू लागले की बाहेरचे आत, आतले बाहेर असा उलटा. अमोनियाचा वास आला तर हिरवे जास्त झाले, कोरडे घाला. कुजलेल्या अंड्याचा वास आला तर हवा नाही, पाणी जास्त, मोकळा करा. काहीच वास नाही आणि काहीच हालचाल नाही, तर तो कोरडा आहे.

सगळे खत जागेवरच तयार करता येईल का?

येते, पण जागा द्यावी लागते. १०० चौरस मीटर वाफ्यांवर वर्षाला २-३ सेंमी कंपोस्ट म्हणजे २ ते ३ घनमीटर तयार खत. ढीग कुजताना निम्म्याहून खाली येतो, म्हणजे कच्चा माल ५ ते ७ घनमीटर. शिवाय ८ सेंमी आच्छादनासाठी आणखी ८ घनमीटर. स्वयंपाकघरातली साले यापुढे काहीच नाहीत. म्हणून वाफ्यांइतकेच, शक्यतो दुप्पट क्षेत्र पाला आणि गवत यांसाठी राखा: कापून वाढणारी शेंगवर्गीय झुडपे, उंच गवत, कुंपणाची दाट पट्टी. पहिली दोन वर्षे बाहेरून शेणखत आणावेच लागेल, त्यात कमीपणा नाही.

बाहेरचे शेणखत घातल्यावर टोमॅटोची पाने मुरडली. रोग आहे का?

विषाणूही असू शकतो, पण आधी खताकडे पाहा. गवतावर फवारलेली काही तणनाशके, विशेषतः अ‍ॅमिनोपायरालिड आणि क्लोपायरालिड, जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टातूनही शाबूत बाहेर पडतात. टोमॅटो, वाल, वाटाणा यांना त्यांचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. कोवळी पाने पेल्यासारखी आत वळतात, शेंडे पिळवटतात. गवतवर्गीय पिकांना काही होत नाही. चाचणी सोपी: तीन कुंड्यांत ते खत आणि माती निम्मे-निम्मे, तीन कुंड्यांत नुसती माती, सहाही कुंड्यांत वालाचे किंवा घेवड्याचे बी. तीन आठवड्यांत फरक दिसतो. पेंढ्याचीही अशीच चाचणी घ्या. खत एकदा पसरले की ते परत गोळा करणे जवळपास अशक्य; मग त्या वाफ्यात मका किंवा गवत घेऊन वर्ष-दोन वर्षे वाट पाहावी लागते, आणि तिथला पालाही कंपोस्टात घालू नये.

ताजे शेण वाफ्यात घालायचे असेल तर मातीला टेकणाऱ्या भाज्यांची काढणी निदान १२० दिवसांनी, मातीला न टेकणाऱ्यांची ९० दिवसांनी करा.

'अन्नवन' करायचे आहे. झाडे किती जवळ लावू?

अन्नवन म्हणजे जंगलासारखी थराथरांत लावलेली, खायला देणारी झाडे. अंतर ठेवा पूर्ण वाढलेल्या घेराएवढे. पाच मीटर पसरणारे झाड पाच-सहा मीटरवर. उंच झाड, बुटके झाड, झुडूप, शाकीय, जमीन झाकणारी, कंद आणि वेल असे सात थर चित्रात दिसतात, पण ते चित्र ज्या हवामानात ऊन खालपर्यंत पोचते तिथलेच खरे ठरते. विषुववृत्ताकडच्या कडक उन्हात दाट थर जमतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात झाडांमध्ये घेराच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतके जास्त अंतर सोडले नाही, तर खाली नुसता पाला वाढतो, फळ नाही. छोट्या रोपांमधली रिकामी जागा पाहून हात शिवशिवतात आणि दुप्पट झाडे लावली जातात. त्या जागेत चार-पाच वर्षांत संपणारे काही लावा: दंव नसेल तिथे पपई, केळी, तूर, थंडीत बेरीची झुडपे, कंदपिके.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण तेवढाच खोल. तळाला कंपोस्ट भरू नका, ते बसते आणि झाड खाली जाते. शिवाय मुळे त्या मऊ कोंदणातच गोल फिरत राहतात. चिकणमातीत खड्डा चौकोनी ठेवा आणि कडा खरवडा. कलमाचा सांधा जमिनीच्या वर. पहिले वर्ष आठवड्याला २० लिटर, एकदम आणि सावकाश. रोज शिंपडलेले तांब्याभर पाणी मुळे वरच ठेवते.

नत्र स्थिर करणारी झाडे शेजारी लावली की फळझाडाला नत्र मिळते?

जिवंत असताना फारच थोडे. त्यांनी साठवलेले नत्र मुख्यतः पाने गळल्यावर, फांद्या छाटल्यावर आणि मुळांचा काही भाग मेल्यावर मातीत येते. म्हणून छाटून बुंध्याशी टाकत राहिलात तरच ती उपयोगी. न छाटलेले शेंगवर्गीय झाड म्हणजे फळझाडाचा स्पर्धक.

झेंडू लावला की किडी येत नाहीत, हे खरे का?

अर्धे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर झेंडू चालतो, पण त्यासाठी तो अख्ख्या वाफ्यात दाट, दोन-तीन महिने पीक म्हणून घ्यावा लागतो. टोमॅटोच्या कडेला चार झेंडू ही शोभा. किडींच्या बाबतीत जास्त काम करतात ती बारीक फुले: बडीशेप, कोथिंबीर, शेपू फुलू द्या. त्यांच्या मधावर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या अळ्यांवर अंडी घालतात, सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा खातात. मावा दिसल्यापासून ढालकिडे जमायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात धीर सुटून काही फवारले, की मित्रकीटक आधी मरतात आणि मावा दुप्पट वेगाने परततो.

कोबीवर्गीय पिकांना मात्र फुलांच्या भरवशावर सोडू नका. रोप लावल्या दिवसापासून बारीक जाळी, कडा मातीत दाबून. आणि एकाच कुळाचे पीक त्याच वाफ्यात तीन-चार वर्षे परत नको.

वाऱ्यासाठी भिंत बांधू का?

नको. भिंतीवरून वारा उडी मारतो आणि मागे भोवरा करतो. ४० ते ५० टक्के पोकळ असलेली झाडांची ओळ वारा गाळते आणि उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगले संरक्षण देते. तीन मीटरची झुडपे तीस मीटर सांभाळतात. तळाशी मोकळी ओळ उलट वारा खेचते, म्हणून खालून भरलेली हवी.

कोंबड्या पहिल्याच वर्षी घेऊ?

कुंपण झाल्याशिवाय नाही. तीन कोंबड्या दुपारभरात नवे लावलेले वाफे साफ करतात. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीला ०.३ ते ०.४ चौरस मीटर, दिवसा जितके मोकळे देता येईल तितके, आणि ते आलटून पालटून. 'उरलेल्या अन्नावर पोसू' हा गैरसमज आहे. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११५ ग्रॅम खाद्य खाते. पाच कोंबड्यांना वर्षाला २१० किलो. त्यांची विष्ठा ताजी टाकली तर मुळे जाळते, कंपोस्टात मात्र सोने. काढणी संपलेल्या वाफ्यावर फिरता पिंजरा आठवडाभर ठेवला, की त्या तण, बी आणि हुमणी टिपतात.

न्हाणीघराचे पाणी बागेला चालते का?

फळझाडांना आणि केळीला चालते, आच्छादनाखालून सोडलेले. पालेभाज्या आणि कंदांना नाही. २४ तासांहून जास्त साठवू नका, सडते. धुण्याच्या भुकटीत सोडियम आणि बोरॉन असेल तर माती घट्ट होते आणि पानांच्या कडा करपतात. भांड्यांचे तेलकट पाणी नळ्या बुजवते.

घरचे बी धरायला कुठून सुरुवात करू?

घेवडा, वाटाणा, टोमॅटो. ही स्वतःच्याच परागाने फळतात. टोमॅटोचे बी रसासह दोन-तीन दिवस आंबवून धुवा, म्हणजे वरचे बुळबुळीत आवरण सुटते. भोपळावर्गीय पिकांत एकाच प्रजातीतले वाण आपसात सहज संकरित होतात. पुढच्या वर्षी कडू फळ आले तर खाऊ नका, त्यातली कडू द्रव्ये विषारी असतात. संकरित वाणाचे बी मूळ वाणासारखे निघत नाही.

वेळ किती द्यावा लागतो?

बसलेल्या १०० चौरस मीटर वाफ्यांना आठवड्याला पाच-सहा तास, लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत दुप्पट. म्हणून पहिल्या वर्षी तीस-चाळीस चौरस मीटर पुरे. उरलेल्या जागेवर हिरवळीचे खत पेरा, ती उघडी पडू देऊ नका. दुसऱ्या वर्षी टाकी, चर आणि झाडे. तिसऱ्या वर्षी पूर्ण वाफे आणि कोंबड्या. मुळा, कोथिंबीर, सॅलडची पाने एकदम न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा, नाहीतर एका आठवड्यात टोपलीभर आणि पुढचे दोन महिने काही नाही.

सातव्या-आठव्या वर्षी भाज्या एकदम कमी यायला लागतात, असे का होते?

बहुतेक वेळा माती दमलेली नसते, ऊन गेलेले असते. झाडे मोठी झाली आणि वाफ्यांवर दुपारची सावली आली. वर सांगितलेला सावलीचा नकाशा दर दोन वर्षांनी पुन्हा काढा. सावली आल्यास तीनच वाटा आहेत: झाड हलके करायचे, ते वाफे पालेभाज्या आणि आल्या-हळदीसारख्या पिकांना द्यायचे, किंवा वाफे हलवायचे. दुसरे कारण मुळांचे. उंच झाडांची मुळे घेराच्या बाहेर बरीच पसरतात आणि कंपोस्ट घातलेल्या, पाणी दिलेल्या वाफ्यातच शिरतात. वाफा आणि झाडाच्या मधल्या वाटेत दर वर्षी ३० सेंमी खोल फावडे मारून ती तोडा. जुने, ताणलेले झाड असेल तर एका वर्षी एकाच बाजूची.